सावळधऱ्याचा तह

१ एप्रिल, सकाळी ६.१०

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची १३ जानेवारीला बंद पडली, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय. फुटलेलं सावळधरा गाव मी ३० एप्रिलपर्यंत जोडून दाखवणार. बोलणी पूर्ण गुप्त. वही गव्हाच्या कोठीत ठेवायची.

परिस्थिती थोडक्यात. गावाच्या तोंडाशी कमान बांधायचं ठरलं. तिच्यावर नाव कुणाचं? वरच्या मोहल्ल्याचे रूपराव म्हणाले, आमच्या वडिलांचं. खालच्या मोहल्ल्याचे कवडूभाऊ म्हणाले, आमच्या. दोघांचेही वडील माजी सरपंच, दोघंही वारलेले, त्यामुळे त्यांचं मत घेता येत नाही. १६ फेब्रुवारीला संध्याकाळी कमानीच्या खड्ड्यापाशी दगड आणि काठ्या. चार डोकी फुटली, पोलीस केस झाली. तेव्हापासून वरचे खाली येत नाहीत, खालचे वर जात नाहीत.

नळाची विहीर वरच्यांच्या हद्दीत, टाकी खालच्यांच्या. मार्चमध्ये वरच्यांनी मोटार बंद केली. उत्तर म्हणून खालच्यांनी टाकीच्या कॉकला कुलूप घातलं. आता कुणालाच पाणी नाही. शाळेजवळच्या हातपंपावर सकाळी वरच्या बायका, दुपारी खालच्या.

माझं घर बरोबर मधल्या रस्त्यावर. पुढचं दार खालच्या मोहल्ल्यात उघडतं, मागचं वरच्या. शिवाय वर्ध्याला एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेलं. माझ्याइतका न्यूट्रल माणूस तालुक्यात सापडणार नाही.

कांता सध्या रूपरावांकडे. ते तिचे थोरले भाऊ. १७ फेब्रुवारीपासून ती तिकडेच अडकली आहे. संघर्षात कुटुंबांची अशी ताटातूट होते. तहाचं पहिलं कलम तिच्या परतीचं ठेवणार.

स्वयंपाक: भात. करपला.

२ एप्रिल

निश्चय: रोज पहाटे पाचला उठणे. दोन्ही पार्ट्यांना समान वेळ देणे. रागावणे नाही. मी काय करतोय ते कुणालाही कळू न देणे.

उठलो ७.४०. हातपंपावर भेटलेल्या तिघांनी विचारलं, सर, ऐकलं तुम्ही समझोता करून राह्यले म्हणे.

३ एप्रिल, सायं. ५

मागच्या दारानं रूपरावांकडे. ट्रॅक-टू डिप्लोमसीची, म्हणजे पडद्यामागच्या बोलण्यांची, सुरुवात. मी अजेंडा काढला. पहिला मुद्दा, कमान. रूपराव म्हणाले, "जवाईबुवा, कमान गेली खड्ड्यात. तुमी पोलिसाले जे लिहून देलं, त्याचं काय थे बोला."

पार्ट्या मूळ विषय कशा टाळतात याचं हे उत्तम उदाहरण. जबाब ही तांत्रिक बाब आहे. घटना घडली तिथून माझं घर चाळीस पावलांवर. पोलिसांनी विचारलं, सुशिक्षित नागरिक म्हणून मी सांगितलं. पाच नावं दिली. त्यांत रूपराव आले, त्यांची मुलगी यामिनी आली. मेहुणा म्हणून सोडलं नाही, भाची म्हणून सोडलं नाही. यालाच नि:पक्षपातीपणा म्हणतात.

यामिनी तेवढ्यात बाहेरून आली. पोलीस भरतीसाठी रोज पाच किलोमीटर धावते. फॉर्म भरलाय, मे महिन्यात मैदानी चाचणी. केसमध्ये नाव असलं तर पडताळणीत अडकते असं रूपराव म्हणतात. मी तिला म्हटलं, स्पीड कसा आहे? ती माझ्याकडे न पाहता आत गेली. दमली असेल.

कांता बाहेर आली नाही. आतून पाणी पाठवलं. अर्धा ग्लास. टंचाई.

५ एप्रिल

पुढच्या दारानं कवडूभाऊंकडे. अजेंड्याचा कागद काढायच्या आत त्यांच्या आई, अनुसयाबाई, खाटेवरून सुरू झाल्या. वय बहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले. केसमध्ये त्यांचा नंबर पाचवा. म्हणाल्या, "मास्तर, त्या दिवशी मी याच खाटेवर पायाले तेल लावून राह्यलती. मले कमानीपाशी कोनं नेलं?"

मी शांतपणे समजावलं. वरची तीन नावं झाली होती आणि खालचं एकच. तसं पोलिसांना दिलं असतं तर मी रूपरावांच्या विरोधात आहे असं दिसलं असतं. समतोल हवा होता. आणि त्यांचा आवाज मी ऐकलाच होता. तो रोजच येतो.

अनुसयाबाईंनी पाय खाटेवर ओढून घेतले. मग कवडूभाऊंना म्हणाल्या, "यायले चहा दे अन् जाऊ दे." चहा दिला. एकंदर वातावरण सौहार्दाचं.

जामिनाच्या अटीप्रमाणे त्यांना दर बुधवारी आष्टीला ठाण्यात हजेरी लावावी लागते. एसटीची पायरी चढवत नाही. तहात कलम टाकावं का? बघू.

८ एप्रिल, दुपारी

मसुदा तयार. चौदा कलमं. कमानीचा प्रश्न मी दहा मिनिटांत सोडवला. नावं दोन्ही वडिलांची. गावात शिरताना एक वाचायचं, बाहेर पडताना दुसरं.

दोघांनाही वेगवेगळं दाखवलं. दोघांनीही एकच विचारलं, शिरताना कोणतं?

या मुद्द्यावर अडलो असताना मी एक चाल खेळलो. कवडूभाऊंना खाजगीत सांगितलं, रूपराव आतून ढिले झाले आहेत, कमान गेली खड्ड्यात असं स्वतः म्हणाले. विश्वास वाढवण्यासाठी अशी माहिती द्यावी लागते.

९ एप्रिल

खालच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रीत मेसेज फिरला: रूपराव माघारी. सोबत फटाक्यांची चित्रं. सकाळी वरच्यांनी बंद मोटार विहिरीतून काढून बैलगाडीतून घरी नेली. आधी ती नुसती बंद होती.

बोलणी निर्णायक टप्प्यात आहेत.

१२ एप्रिल

४३ अंश. हातपंपाला दांडा दहा वेळा मारला की एक धार. पुण्याहून मुलीचा, स्वरदाचा फोन. आईशी बोललात का, म्हणाली. मी म्हटलं, तुझी आई एका पार्टीच्या ताब्यात आहे, थेट संपर्क योग्य नाही. ती म्हणाली, बाबा, तो जबाब बदला. यामिनीचं वर्ष जाईल. साक्षीदाराचं स्वातंत्र्य म्हणजे काय हे मी तिला उदाहरणांसह सांगितलं. सातव्या मिनिटाला फोन कट झाला. तिकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

पोहे केले. भिजवायला पाणी जपून वापरलं, त्यामुळे कडक.

१४ एप्रिल

जयंती. विहारात वंदना, नंतर भाषणं. विहार रस्त्यापलीकडे, कुणाच्याच हद्दीत नाही, त्यामुळे दोन्ही मोहल्ल्यांतले लोक आले होते. मलाही दोन शब्द बोलायला सांगतील म्हणून संविधानाच्या उद्देशिकेवर तयारी करून गेलो. वेळ नव्हता.

बायकांच्या रांगेत कांता आणि अनुसयाबाई शेजारी शेजारी. मी लांबून बघितलं, पूर्ण वेळ एकमेकींच्या कानाशी. वैर किती खोल गेलंय. एकमेकींना एक क्षण नजरेआड होऊ देत नाहीत.

१७ एप्रिल, रात्री ८ च्या आत लिहून झोपणार. मोठा दिवस

आज इतिहास घडवला. रूपरावांना निरोप दिला की कवडूभाऊ माफी मागायला तयार आहेत, आष्टीला स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात अकराला या. कवडूभाऊंना तोच निरोप, नाव बदलून.

दोघेही आले. दोन वेगळ्या टेबलांवर बसले आणि वाट पाहू लागले. वीस मिनिटं गेली. मी मधल्या टेबलावर. शेवटी रूपराव म्हणाले, "मंग, बोल."

कवडूभाऊ म्हणाले, "म्या कायले बोलू? तू बोलनार होता."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मसुदा पुढे केला. रूपरावांनी तो उलटा ठेवून त्यावर कप ठेवला. मग उठले आणि स्वतःहून कवडूभाऊंच्या टेबलावर जाऊन बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला म्हणाले, "जवाईबुवा, तुमी जरा भाईर थांबा."

बाहेर ऊन मरणाचं. काचेतून दिसत होतं. दोघं बोलत होते. मधूनच बाहेर माझ्याकडे बोट दाखवत होते, अर्थात कौतुकानं. अर्ध्या तासानं दोघं बाहेर आले आणि कवडूभाऊंच्या मोटरसायकलवर बसून एकत्र निघून गेले. माझी एसटी पावणेतीनला होती.

मध्यस्थाचं खरं यश म्हणजे पार्ट्यांना त्याची गरज न उरणं. असं मी वर्गात शिकवत असे. आज अनुभवलं. फक्त पुढची तारीख काय ठरली ते विचारायचं राहिलं.

२० एप्रिल

पुढची तारीख कळली नाही. रूपरावांच्या अंगणाच्या फाटकाला आतून कडी. हाक मारली. आतून कुणीतरी म्हणालं, घरी कोनी नाई. आवाज रूपरावांचाच.

कवडूभाऊ दारातच भेटले. म्हणाले, "सर, तुमी लय केलं. आता आराम करा." श्रमांची पहिली जाहीर दखल. पण दार अर्धंच उघडं होतं आणि आत बायकांचे आवाज. एक कांताचा वाटला. शक्य नाही, ती खालच्या मोहल्ल्यात कशी येईल.

मोटार अजून रूपरावांच्या गोठ्यात. म्हणजे तह झालेला नाही. माझी गरज आहे.

२३ एप्रिल, दुपारी २

बुधवार. अनुसयाबाई हजेरीहून परतल्या. एसटी फाट्यावर सोडते, तिथून अर्धा किलोमीटर पायी. माझ्या खिडकीतून दिसल्या. एक हात कुंपणाला धरून चालत होत्या, मग बसल्या, मग आडव्या झाल्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मी निघणारच होतो. चपला सापडेनात. आणि असा विचार केला की खालच्या पार्टीच्या माणसाला मी उघडपणे हात लावला तर वरचे काय म्हणतील. एवढा विचार होईपर्यंत यामिनी वरून धावत आली. एकटी. तिनं आजीला पाठीवर घेतलं आणि तशीच उपकेंद्राकडे गेली. वाटेत माझ्या दारावरून गेली. दार बंद होतं.

सलाईन लावलं. आता बऱ्या आहेत.

चपला पलंगाखाली होत्या. आधी तिथे पाहायला पाहिजे होतं.

२४ एप्रिल

झोप नीट नाही. उष्मा.

जबाबात एक तांत्रिक दुरुस्ती सुचते. बाथरूमच्या व्हेंटिलेटरमधून घटना पाहिली, असं मी पोलिसांना सांगितलं नव्हतं. नुसतं "घरातून" म्हटलं होतं. आज व्हेंटिलेटर पाहिला. तो मागच्या भिंतीवर आहे. तिथून बाभूळ आणि रूपरावांच्या गोठ्याचं पत्र्याचं टोक दिसतं. कमानीचा खड्डा दिसत नाही.

पण आवाज चारी बाजूंनी येतात. हा मुद्दा महत्त्वाचा.

२६ एप्रिल

सकाळी हातपंपावर कांता. मी मुद्दाम बादली घेऊन गेलो. दोन महिन्यांनी समोरासमोर. वाळली आहे. ओळीत आमच्यामागे चार बायका, म्हणून मी हळू आवाजात सांगितलं की मी तिच्या सुटकेसाठी रात्रंदिवस खपतोय, पहिलं कलमच तिचं आहे.

ती म्हणाली, "मले कोनं पकडलं हाय?"

मी म्हटलं, परिस्थितीनं.

ती दांडा मारत राहिली. बादली अर्धी झाल्यावर म्हणाली, "मी त्या दिवशी किती वेळ दार वाजवत होती?"

मी म्हटलं, ही जागा नाही बोलायची. ती म्हणाली, "मंग कोनती हाय? सांगा, मी तेथी येतो." तिनं अर्धी बादली उचलली आणि चढ चढून गेली. माझा नंबर आला तेव्हा पंपाला पाणी नव्हतं.

२७ एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही. डोकं दुखतंय. दिवसभर दोन्ही दारं बंद.

२८ एप्रिल, सकाळी ११

शेवटचा पत्ता टाकायचा ठरवला. पोलिसांना पुरवणी जबाब देणार. मध्यस्थानं स्वतःचा त्याग करून कोंडी फोडली, अशी उदाहरणं जगात आहेत. मी लिहून दिलं की केस सैल होते, केस सैल झाली की बोलणी मोकळी होतात, मोटार विहिरीत जाते, कांता घरी येते. आष्टीत दोनचार माणसं तरी विचारतील, हे कुणी घडवलं.

पहिला मसुदा: संध्याकाळची वेळ असल्यानं प्रकाश अपुरा होता. फाडला. कमानीपाशी ग्रामपंचायतीचा मोठा लाइट आहे.

दुसरा: चष्मा घरी विसरलो होतो. पण मी घरातच होतो.

दुपारी ३

तिसरा मसुदा. इथे उतरवून ठेवतो, उद्या पक्का करताना लागेल.

मी काही पाहिलं नाही. ओरडा सुरू झाला तेव्हा मी बाथरूममध्ये गेलो आणि आतून कडी लावली. काही कारण नव्हतं. कांता बाहेरून दार वाजवत होती. ती म्हणत होती, यामिनी बापाला मागे ओढायला गर्दीत शिरली आहे, दगड येताहेत, चला, मी एकटी कशी आणू. मी नळ सोडला. मोठा सोडला. म्हणजे नंतर म्हणता आलं असतं की ऐकू आलं नाही. ती बराच वेळ वाजवत होती. मग वाजवायची थांबली आणि एकटी गेली. मी बाहेर आलो तेव्हा पोलिसांची गाडी आली होती. त्यांनी विचारलं काय पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. नाही म्हणायला पाहिजे होतं. मी नावं सांगितली.

हे खोडायचं होतं. राहू दे.

२९ एप्रिल

साडेआठच्या एसटीनं आष्टी. इस्त्रीचा शर्ट. कागद दोन प्रतींत. ठाण्यात जमादारांना म्हटलं, मी सावळधऱ्याच्या केसमधला साक्षीदार, मला माझा जबाब बदलायचा आहे, कृपया बसून ऐका, हे जरा गंभीर आहे.

त्यांनी फाइल काढली. म्हणाले, "बाथरूमातलंच नं? थे झालं लिहून."

मी म्हटलं, कसं?

कालच रूपराव आणि कवडू एकत्र येऊन गेले होते. सोबत कांता आणि अनुसयाबाई. तक्रार पुढे न्यायची नाही म्हणून दोन्हीकडून लिहून दिलं. आणि मी सांगितलेल्या पाच नावांचं काय, असं साहेबांनी विचारल्यावर कांतानं जबाब दिला की माझा नवरा त्या वेळी बाथरूममध्ये होता, आतून कडी होती, मी दाराबाहेर होते. दोन्ही पार्ट्यांनी त्यावर सही केली. गेल्या दोन महिन्यांत ते फक्त या एका गोष्टीवर एकमतानं सही करायला तयार झाले, असं जमादार म्हणाले. वाईट हेतूनं नव्हे, सहज बोलले.

यामिनीच्या पडताळणीत अडचण येऊ नये म्हणून साहेब स्वतः बघणार आहेत.

जमादारांनी माझा कागद घेतला. वाचला. म्हणाले, यात नवीन फक्त नळ सोडल्याचं आहे. ते लावून घेतो. सही करा इथं. मी सही केली. त्यांनी विचारलं, किती वेळ होता आत? मी म्हटलं, पाऊण तास. त्यांनी लिहिलं.

परतताना एसटीत बसायला जागा होती. तरी उभा होतो.

३० एप्रिल

सकाळी मोटार विहिरीत सोडली. कवडूभाऊंनी कॉकचं कुलूप काढलं. कमान होणार नाही. बायकांनी कालच खड्डा बुजवला, म्हणाल्या, एवढ्या सिमेंटात टाकीभोवती ओटा होईल, हंडे ठेवाले. पुरुषांनी ऐकलं. हे सगळं कुठे ठरलं? १४ तारखेपासून, अनुसयाबाईंच्या खाटेपाशी. कांता रोज संध्याकाळी जात होती. माझ्याच घरासमोरून.

माझ्या नळाला सव्वासातला पाणी आलं. आधी लाल, मग स्वच्छ. सगळी भांडी भरली. भरायला फार भांडी लागत नाहीत, एकट्याला.

संध्याकाळी टाकीपाशी दोन्ही मोहल्ल्यांचा वरण-भाताचा कार्यक्रम. मला निरोप नव्हता. वरच्यांना वाटलं असेल खालचे सांगतील, खालच्यांना वाटलं असेल वरचे. मी दिवा न लावता बसलो, म्हणजे कुणी आलंच तर घरी नाही असं वाटावं. कुणी आलं नाही.

१ मे

सकाळी नऊला कांता आली. मागच्या दारानं. सोबत यामिनी. मी म्हटलं, अरे वा, ये. ती शिलाई मशीन न्यायला आली होती. यामिनीचा ट्रॅकसूट सैल करायचा आहे.

मशीन जड आहे, लोखंडी पायांचं. मी एका बाजूनं धरलं. तिघांनी चढ चढलो, मधे दोनदा टेकवलं. दुसऱ्यांदा टेकवलं तेव्हा मी यामिनीला म्हटलं, मी आत होतो. ती म्हणाली, "मले मालूम हाय, मामाजी." आणि तिनं आपली बाजू उचलली.

रूपरावांच्या ओसरीत मशीन ठेवलं. रूपराव म्हणाले, तेथी नका ठेवू, उजेडात ठेवा. उजेडात ठेवलं. नंतर काय करायचं ते कळेना. कांतानं पाणी दिलं. या वेळी भरलेला ग्लास, पण आता सगळ्यांकडेच पाणी आहे.

निघताना मी विचारलं, घरी कधी येशील? ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "जूनमदी स्वरदा येते. तवा बसून बोलू."

जूनमध्ये. म्हणजे एकतीस दिवस, कमीत कमी. कोणत्या विषयावर बोलायचं ते तिनं सांगितलं नाही. मी काही मुद्दे काढायला बसलो होतो. एकही सुचला नाही.